विमलाबाईंची माकडीण

विमलाबाईंच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, ‘खंय’, मालवणीतला ‘कुठे’. भूक लागली तरी खंय, तहान लागली तरी खंय, पाठीखालची उशी टोचली तरी खंय. कधी तो प्रश्नासारखा यायचा, कधी रागासारखा, आणि कधी नुसताच, घशात अडकलेलं काही बाहेर पडावं तसा. जामसंड्याच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर पहिलीच्या पोरांना शिकवलं. बाजारात बांगडे घ्यायला उभ्या राहिल्या की त्यांच्या गप्पांपायी मागच्या गिऱ्हाइकांचा खोळंबा व्हायचा. अशा बाईच्या मेंदूत एका सकाळी रक्ताची गाठ अडकली आणि सगळी भाषा पुसली गेली. गोव्याच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग निर्जीव होतं आणि हा एक शब्द शिल्लक होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द राहतो. त्याला अर्थ असतोच असं नाही.

हे शेवटचं वाक्य त्यांच्या नवऱ्याला, गुरुप्रसाद तिर्लोटकरांना, काही केल्या पटलं नाही. ते कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. अर्थ शोधणं हेच त्यांनी जन्मभर केलं होतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते जुन्या अमेरिकन कादंबऱ्या शिकवायचे. माणूस आणि जनावर हा त्यांचा खास विषय, त्यावरच त्यांनी पीएच.डी. केली होती. समुद्रात, बर्फात, रानात एखाद्या जनावराच्या मागे वेड्यासारखी लागलेली माणसं त्या कादंबऱ्यांत असत. सर वर्गात सांगत, “त्या माणसाला समोरच्या जनावरात कधी सैतान दिसतो, कधी देव, कधी आपलाच चेहरा. जनावर काहीच म्हणत नाही. ते फक्त असतं. आपण बोलतो आणि ते बोलत नाही, एवढ्याच्या जोरावर आपण मधे कुंपण घातलंय. पण जो बोलत नाही तो आतून रिकामा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मग खडू खाली ठेवून ते म्हणत, “आणि ‘जनावर’ असं काही नसतंच. असतं ते हे एक, नाहीतर ते एक. प्रत्येकाला स्वतःचं एक आयुष्य असतं. मोठ्या लेखकाला तेवढं दिसतं, म्हणून तो मोठा.”

पोरं हे लिहून घेत. त्यातल्या निम्म्यांचे बाप त्याच वेळी बागेत फटाके फोडून माकडं हाकलत असत. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला होता, “सरांनू, तुमची बाग नाय ना, म्हणान.” सगळा वर्ग हसला. सरही हसले.

आता ते रोज सकाळ-संध्याकाळ विमलाबाईंच्या खाटेशी बसत आणि बोलत. कोण भेटलं, कोणाचं लग्न ठरलं, समुद्राला काल किती उधाण होतं. त्यांची खात्री होती की विमल आत आहे, सगळी आहे, फक्त दार अडकलंय. पण त्यांनी हात हातात घेतला की विमलाबाई तो काढून घेत. कामाला येणारी राधाबाई रोज त्यांना आंघोळ घाली, केस विंचरी, तेव्हा त्या गप्प बसत. सरांनी खांद्याला हात लावला की मात्र त्यांचं अंग ताठ व्हायचं, अनोळखी माणूस फार जवळ आल्यावर होतं तसं. पुण्याहून मुलगी, सारिका, आली तेव्हा तिने हे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बाबा, ती तुम्हाला ओळखत नाहीये.”

“ओळखते,” सर म्हणाले. “दाखवता येत नाही तिला.”

माकडीण पहिल्यांदा आली ती पौषात, आंबे मोहरायला लागले तेव्हा.

विमलाबाईंची खाट मागच्या खोलीत, खिडकीला लावून होती. बाहेर फणसाचं झाड, त्यापलीकडे दगडी गडगा आणि गडग्यापलीकडे महादू घाड्याची हापूसची बाग. बागेत माकडांचा कळप उतरला होता. महादूची माणसं पत्र्याचे डबे बडवत होती. त्या गडबडीत एक माकडीण फणसावरून उतरून खिडकीच्या कठड्यावर येऊन बसली. राधाबाई ताटलीत तांदळाची घावणं घेऊन खोलीत शिरली आणि दारातच थबकली. विमलाबाईंनी डावा हात गजांतून बाहेर काढला होता आणि माकडीण तो हुंगत होती.

“सरांनू! हयसर येवा बेगीन!”

सर आले. राधाबाईने हाकलायला हात उचलला होता, तो त्यांनी धरला. ताटली त्यांनी खाटेवर ठेवली. विमलाबाईंनी डाव्या हाताने त्यातलं घावण फाडलं आणि अर्धं गजांतून पुढे केलं. माकडिणीने ते घेतलं, एकदम तोंडात न कोंबता तिथेच बसून खाल्लं. विमलाबाई उरलेलं अर्धं खाऊ लागल्या. एक घास हिचा, एक घास तिचा. आणि मग विमलाबाईंच्या घशातून एक बारीक आवाज आला, ‘हुं, हुं’. तो ‘खंय’ नव्हता. इस्पितळातून आल्यापासून दुसरा आवाज असा तो पहिलाच.

सर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. कळप बागेत असला की ही एकटी इकडे. ती घावण खाई, मग विमलाबाईंचा हात धरून त्यावरची लव बोटांनी विंचरत बसे, अगदी लक्ष देऊन, काहीतरी सापडेल अशा आशेने. विमलाबाई डोळे मिटून घेत. एक दिवस त्या हसल्या. अर्धा चेहरा हलत नव्हता, तरी हसू ओळखू येत होतं. सारिकाला फोन करून सर म्हणाले, “अगं, आई हसली!”

“पिल्लू मेला आसतला तिचा,” राधाबाई म्हणाली. “म्हणान येता.”

“तसं आपण म्हणतो गो,” सर म्हणाले. “तिच्या मनात काय आसा, ता आपणाक कसा कळतला?”

“मगे हीच ती येता कशावरून? माका तर सगळी सारकीच दिसतत.”

“तीच ती,” सर म्हणाले. पण त्यांनाही ती ओळखता येत होती ती जागेवरून. कठड्यावर बसली की ती. फणसावर इतरांत मिसळली की त्यांना सांगता आलं नसतं.

माघ लागला तसा त्यांच्या आनंदात एक खडा येऊ लागला. माकडीण निघून गेली की ते तिच्या जागी, बाहेरून, खिडकीपाशी उभं राहून पाहत. हातात घावणाचा तुकडा धरून गजांतून आत करत. विमलाबाई त्यांच्याकडे पाहत, त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फणसाकडे पाहत आणि म्हणत, “खंय.” तुकडा त्या घेत नसत. मग सर तो तुकडा स्वतःच खाऊन टाकत. आपण एका माकडिणीचा मत्सर करतो आहोत, हे त्यांना कळत होतं. हे वर्गात सांगितलं असतं तर पोरं किती हसली असती, असंही वाटायचं. तरी तो जात नव्हता.

महादू एका सकाळी पायरीवर येऊन बसला. हा महादू काही वाईट माणूस नव्हता. विमलाबाईंना झटका आला तेव्हा यानेच आपल्या गाडीतून त्यांना गोव्याला पोचवलं होतं आणि परत येईपर्यंत सरांच्या जेवणाखाणाची काळजी घेतली होती.

“सर, एक सांगू? रागावू नकात. तुमी खावक घालतास आणि मोहोर जाता माझो. सगळो कळप आता हयसरच ऱ्हवता. काजीचो बोंडूसुद्धा ठेवणत नाय.”

“एकच येते रे ती.”

“एक येता, बाकीची वाट बघतत.” महादूने टॉवेलने तोंड पुसलं. “वैनीक बरा वाटता, ता माका दिसता. पण माका पण प्वॉरां आसत.”

महादू उठून गेला, आणि जाताना त्याने आणलेली सरंगा मासळीची पिशवी राधाबाईकडे दिली.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं. दुपारची वेळ. माकडीण विमलाबाईंचा हात धरून बसली होती. राधाबाई ताटं-वाट्या घेऊन येत होती, तिचा पाय चटईत अडकला आणि सगळी भांडी फरशीवर आदळली. माकडीण दचकली. हात तिच्याच पंजात होता, तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मनगटाला कडकडून चावा घेतला आणि फणसावर उडी मारली. विमलाबाई ओरडल्या नाहीत. वाहणाऱ्या रक्ताकडे त्यांनी नवलाने पाहिलं, मग बाहेर पाहिलं आणि हात पुन्हा गजांतून बाहेर काढला.

टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. सारिका पुण्याहून धावत आली. ती आईशेजारी बसून पट्टीवरून बोट फिरवत राहिली आणि मग बाहेर ओट्यावर येऊन म्हणाली, “आता ते माकडं पकडणारे पिंजरेवाले बोलवा.”

“तिने मुद्दाम नाही केलं ते. भांड्यांच्या आवाजाने घाबरली.”

“कोण? बाबा, माकड आहे ते.”

“म्हणून काय झालं?”

“म्हणून काय झालं?” सारिकाचा आवाज फाटला. “आईला उद्या काही झालं तर तुम्ही मला त्या कादंबऱ्यांतून समजावणार आहात का? ते माकड आहे, आणि ही माझी आई आहे. हे दोन्ही तुम्ही एका तागडीत घालता तरी कसे?”

सरांकडे उत्तर होतं. हयातभर दिलेलं उत्तर होतं. पण धुऊनही रक्ताचा डाग न गेलेली चादर समोर दोरीवर वाळत होती आणि ते उत्तर त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. मुलीचं खरं होतं. महादूचंही खरं होतं. आणि त्या दोघांच्या खऱ्यामागे, जिकडे पाहायची त्यांची हिंमत नव्हती तिथे, ती गोष्टही होती: विमलचा चेहरा उजळायचा तो त्या कठड्याकडे पाहून, आपल्याकडे पाहून नाही.

“बोलाव,” ते म्हणाले.

पिंजरेवाला घाटावरचा होता. परशुराम त्याचं नाव, शांत, कमी बोलणारा माणूस. गावोगावच्या पंचायती त्याला बोलावत. त्याने फणसाखाली मोठा लोखंडी पिंजरा लावला, आत केळी आणि भुईमुगाच्या शेंगा पसरल्या, दाराची दोरी हातात घेतली आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला.

“मारत नाही ना तुम्ही?” सरांनी विचारलं.

“छे हो, साहेब. लांब रानात नेऊन सोडतो. इथल्यापेक्षा बरी राहतात.” मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे राहत असतील. मागं वळून बघायला आम्ही काही जात नाही.”

सुरुवातीला पिंजऱ्यात कोणी शिरेना. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू आत गेलं, मागून त्याची आई, मग सगळाच कळप शेंगांवर तुटून पडला. दोरी सुटली. दार धाडकन खाली आलं.

एवढा आक्रोश सरांनी कधी ऐकला नव्हता. माकडं एकमेकांवर आपटत होती, गज चावत होती, पिल्लं आयांच्या पोटाला चिकटली होती. महादूची माणसं शिट्ट्या वाजवत धावत आली. सर पिंजऱ्यापाशी गेले. त्यातली ती कोणती, हे त्यांना पाहायचं होतं. पाहून काय करणार होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक चेहऱ्यावर तीच भीती होती, प्रत्येक तोंड तसंच उघडं. एक जण गज धरून त्यांच्याकडे पाहत होती. तीच असेल, असं वाटलं. तिच्या मागे दुसरीही तशीच पाहत होती.

आणि खिडकीतून विमलाबाईंचा आवाज आला, “खंय! खंय!”

एवढा मोठा आवाज त्यांच्यात उरला असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. अंगणातली सगळी माणसं वळून पाहू लागली. डावा हात खांद्यापर्यंत गजांतून बाहेर आला होता, पट्टीखालून पुन्हा रक्त येत होतं. “खंय! खंय!” सर खिडकीपाशी धावले. त्या क्षणी त्यांना वाटलं, आज या शब्दाला अर्थ आहे. आज ती खरोखर विचारते आहे, कुठे नेता तिला? लगेच दुसरं मन म्हणालं, हाच शब्द ती पाण्यासाठी वापरते. दुखलं तरी वापरते. हात दुखत असेल. जन्मभर छापील पानांतून अर्थ काढणाऱ्या माणसाला, इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या बायकोच्या एका शब्दाचा अर्थ लावता येईना.

“खिडकी लावून घ्या, बाबा!” आतून सारिका ओरडली. “आई टाके तोडतेय!”

त्यांनी विमलाबाईंचा हात गजांतून आत ढकलला, जोर लावून ढकलावा लागला, आणि बाहेरून खिडकीची दारं ओढून लावली.

त्या दिवसापासून विमलाबाईंनी खाणं सोडलं. आधी कोणाला ते कळलं नाही. राधाबाईने भरवलेली पेज त्या तोंडात धरून ठेवत, मग ती ओघळून बाहेर येई. खिडकी उघडून दिली तर त्या तिकडे पाहतही नसत. तोंड दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे. ‘खंय’ दिवसातून एकदा-दोनदा ऐकू येई, मग तेही थांबलं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, नवा झटका असू शकेल, बारीकसा. किंवा नसेलही. सारिकाची रजा संपली, ती रडत पुण्याला गेली.

सरांनी परशुरामला फोन लावला.

“कोणती माकडीण, साहेब?” परशुरामला आधी कळेचना. मग म्हणाला, “इन्सुलीच्या पुढं, नाका यायच्या अलीकडं एक कच्चा रस्ता आत रानात जातो. तिथं सोडली. पण तिथं सगळीकडची आणून सोडतात हो. आता कुठं सापडायची?”

“मी पाहतो,” सर म्हणाले.

राधाबाईला त्यांनी सांगितलं की सावंतवाडीला काम आहे. तिच्याकडून घावणं करून घेतली आणि कपाटातून विमलाबाईंचं एक जुनं सुती पातळ काढून पिशवीत घातलं. त्याला त्यांच्या तेलाचा वास होता. राधाबाईने ते पाहिलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, “सरांनू, जपान जावा.”

एस.टी.ने सावंतवाडी, तिथून रिक्षा. रिक्षावाला कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी थांबला. पुढे जायची गरजच नव्हती. रस्त्याच्या दोन्ही कडेला माकडंच माकडं बसली होती. हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांतून कोणी बिस्किटांचा पुडा, कोणी वडापावचा कागद टाकत होतं. त्यावर ती तुटून पडत होती. बरीचशी हडकलेली होती. काहींच्या अंगावरचे केस गेले होते. एकमेकांना ती ओळखत नसावीत. कुठल्या कुठल्या गावांतून आणलेली, एका जागी ओतलेली. सारखी भांडणं चालली होती, आणि त्या भांडणांत कुठली माकडीण कुठल्या कळपाची, हे समजायला काही मार्ग नव्हता.

सर उतरले. त्यांनी पातळ काढून खांद्यावर टाकलं आणि डबा उघडला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, रिक्षावाला बिडी ओढत होता, आणि त्यांनी घशातून तो आवाज काढला, “हुं, हुं.”

माकडांनी माना वळवल्या. डबा हातात असलेल्या कुठल्याही माणसाकडे पाहावं, तशी ती पाहत होती.

एक मादी पुढे आली. सर खाली बसले आणि घावण अर्धं फाडून पुढे धरलं. तिने ते घेतलं, बसून खाल्लं. “तूच काय गो?” ते म्हणाले. “विमल जेवणा नाय. तू इलंस तर जेवात.” त्यांनी पातळाचा पदर तिच्यासमोर धरला. तिने तो हुंगला. तेवढ्यात दुसरी आली, तिनेही तुकडा घेतला, तिनेही बसून खाल्लं, तिनेही पदर हुंगला. मग तिसरी. सर एकीकडून दुसरीकडे पाहत राहिले. ते चेहरे त्यांनी नीट न्याहाळले. कपाळावरच्या केसांचा भांग, कानांची टोकं, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. हे सगळं प्रत्येकीचं वेगळं होतं, ते त्यांना दिसत होतं. पण जी रोज त्यांच्या खिडकीत यायची तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आठवेना. त्यांनी तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. विमल तिच्याकडे कशी पाहते, तेवढंच त्यांनी पाहिलं होतं.

असतं ते हे एक, नाहीतर ते एक. किती वर्षं त्यांनी हे फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, आणि परीक्षेत ज्याने ते लिहिलं त्याला चांगले गुण दिले.

पलीकडे गटारात एक मेलेली मादी पडली होती, गाडीखाली आलेली. सर उठले आणि तिच्यापाशी गेले. वाळकी काटकी घेऊन त्यांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. बराच वेळ ते पाहत राहिले. ती असेल, किंवा नसेल. आत कुठेही हो उमटेना, नाही उमटेना. मागून कोणीतरी हिसका मारला. एका थोराड नराने पातळ खेचलं होतं. सरांनी दुसरं टोक धरून ठेवलं, पण कापड जुनं होतं, ते टर्रकन फाटलं आणि नर अर्धं पातळ घेऊन झाडावर गेला. डबा सांडला होता. चारी बाजूंनी माकडं धावली.

“काका, चला! अंगावर येतली!” रिक्षावाल्याने त्यांना दंडाला धरून ओढलं आणि रिक्षात बसवलं. वाटेत त्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, “काय हरवलाहा काय तुमचा?”

सरांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला समजलं नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. विमलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सर खाटेच्या कडेला बसले. गाडीत येताना त्यांनी ठरवलं होतं की सांगायचं, भेटली, बरी आहे, पिल्लंही झालीत. सारिकाला लहानपणी मेलेल्या मांजराबद्दल त्यांनी असंच सांगितलं होतं, आणि ती झोपली होती. ते वाकले, विमलाबाईंच्या कानाशी तोंड नेलं. कानामागची शीर हलत होती. ते तसेच वाकून राहिले आणि मग सरळ झाले. एखाद्याला खोटं सांगायचं तरी तो ऐकतो आहे एवढी तरी खात्री लागते. ती त्यांच्यापाशी उरली नव्हती. ती खात्री गेली हे त्यांना तेव्हाच कळलं.

फाल्गुनात विमलाबाईंच्या नाकात नळी घातली. राधाबाई नळीतून दूध, फळांचा रस आणि गाळलेली पेज सोडायला शिकली. वजन थोडं वाढलं. डॉक्टर म्हणाले, अशा पुष्कळ वर्षं काढतील. सारिकाने फोनवर ‘देवाची कृपा’ म्हटलं आणि सर ‘हो’ म्हणाले.

वैशाखात महादू दोन पेट्या हापूस घेऊन आला. यंदा बाग धरली होती, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. “तुमच्यामुळां वाचलंय, सर,” तो म्हणाला. “वैनीक रस देवा.” सरांनी पेट्या ठेवून घेतल्या. त्याच सुमारास कॉलेजातून एक तरुण प्राध्यापिका आली. मुलांसमोर त्यांच्या विषयावर एक व्याख्यान द्यावं, अशी तिची विनंती होती. तिने फार आदराने विचारलं. सरांनी तिला चहा दिला आणि सांगितलं की आता त्यांना त्यातलं काही माहीत नाही. तिला तो विनय वाटला. पुन्हा येईन म्हणून ती गेली.

आंबे पेंढ्यात पिकले, घरभर वास सुटला. पहिला रस राधाबाईने नळीतून घातला. बाकीचे तसेच राहिले.

“सरांनू,” एक दिवस ती म्हणाली, “आंबे कुसाक लागले. शेजाऱ्यांका वाटू काय?”

“वाट.”

ती जाईना. पदराशी चाळा करत उभी राहिली. “एक इचारू? तुमी बायशी आता बोलणास नाय ते? पयली किती बोलायचात.”

सर खुर्चीवर बसले होते. विमलाबाई भिंतीकडे पाहत होत्या. त्यांनी खुर्ची उचलली, खाटेच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बसून, जिथे त्या पाहत होत्या तिथे पाहिलं. भिंतीला चुना होता. एके ठिकाणी पोपडा सुटला होता.

“काय बोलू?” ते म्हणाले.

राधाबाई आंब्यांची पाटी घेऊन बाहेर पडली. वाटेवरून तिचा आवाज ऐकू येत राहिला, या घरी त्या घरी हाका मारत चाललेला. सर भिंतीकडे पाहत बसून होते. विमलाबाईंची नजर त्यांच्यावरून गेली, थांबली नाही.